शालीखालची पिशवी

पितृसेवेसारखं दुसरं तीर्थ नाही, असं मी चौतीस वर्षं वर्गात शिकवलं. मुलं ते उत्तरपत्रिकेत जसंच्या तसं लिहायची आणि मी गुण द्यायचो, त्यामुळे काही काळानं मलाही ते पटलं. निवृत्तीनंतर सेवेचा प्रत्यक्ष योग आला तेव्हा कळलं, की या तीर्थाला खालच्या बाजूला प्लास्टिकची एक तोटी असते आणि दिवसातून तीन-चारदा ती उघडून भांड्यात रिकामी करावी लागते. पाठ्यपुस्तकात तोटीचा उल्लेख नव्हता.

आमचं गाव आखाडा बाळापूरहून वारंगा फाट्याकडे जाताना रस्त्याला लागूनच आहे. दादा, म्हणजे माझे वडील, शहाऐंशी वर्षांचे. गेल्या आखाडात एका सकाळी त्यांची लघवी बंद झाली. नांदेडला नेलं. प्रोस्टेटची गाठ वाढलेली होती, पण जुन्या दम्यामुळे भूल सोसली नसती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, नळी राहू द्या. नळीचं एक टोक आत, दुसरं पिशवीत, आणि पिशवी बाजेच्या कडेला बांधलेली. दर महिन्याला नळी बदलायची. घरी आल्यावर दादांनी पिशवीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "चला, रातचं उठायची तकलीफ गेली." इतक्या थोड्या शब्दांत इतकी मोठी गोष्ट स्वीकारणं मला कधी जमलेलं नाही.

अडचण दादांची नव्हती, माझी होती. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा आधी पाया पडतो. दादांची बाज ओसरीत, आणि पिशवी पायथ्याकडच्या बाजूला. वाकणाऱ्याचं तोंड नेमकं पिशवीसमोर यायचं. मला ते बघवेना. मग मी एक युक्ती काढली. कुणी येताना दिसलं, की पिशवी उचलून दादांच्या मांडीशी ठेवायची आणि वर शाल पांघरायची. निवृत्तीच्या वेळी मला अकरा शाली मिळाल्या होत्या. सत्कार, शाल, श्रीफळ या प्रकाराची मी जन्मभर टिंगल केली आहे, त्यामुळे त्या ट्रंकेत पडून होत्या. सत्काराच्या शालीचा खरा उपयोग सापडलेला मराठवाड्यातला मी पहिलाच मास्तर असेन, असं मला वाटलं. दादा एकदा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की लटकलेली." मी म्हणालो, "बरं दिसत नाही."

पोळ्याला संध्याकाळी अर्धं गाव पाया पडून गेलं. दोन दिवसांनी दादांना थंडी वाजून ताप भरला. लघवी गढूळ झाली आणि ते मला ओळखेनात. मला "पाटील" म्हणून हाक मारायला लागले, जो मान शुद्धीत असताना त्यांनी मला कधी दिला नव्हता. सहा दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी सांगितलं, नळीच्या वाटेनं जंतू वर चढले.

त्याच सुमारास तालुक्याच्या एका दवाखान्यात नवा उपक्रम सुरू झाला. घरी नळी असलेल्या रुग्णांसाठी मोबाईलवरून शिकवणी. एक नर्सबाई ती चालवणार होत्या. उद्घाटनाला आम्हा घरच्यांना बोलावलं होतं. मंडप, हार, बॅनर, सगळं यथासांग. बॅनरवर सात जणांचे फोटो होते आणि त्यांत नर्सबाई नव्हत्या. प्रमुख पाहुण्यांनी डिजिटल क्रांतीवर पाऊण तास भाषण केलं. मधे माईक बंद पडला तेव्हा ते क्रांतीवरच हातवारे करत राहिले. शेवटी आभाराच्या आधी बाईंना पाच मिनिटं दिली. त्या साध्याशा, हिंगोलीकडच्या, चाळिशीच्या. त्यांनी एक नळी आणली होती, तिच्या एका टोकाला पिशवी, दुसऱ्याला रिकामी बाटली, पिशवीत कुंकवाचं पाणी. पिशवी खाली धरली तेव्हा काही झालं नाही. मग त्यांनी ती खांद्याइतकी उचलली आणि नळीतलं लाल पाणी उलटं फिरून दुसऱ्या टोकाच्या बाटलीत उतरलं.

"हे असं पोटात जातं," त्या म्हणाल्या. "पिशवी कमरेच्या खाली. पण भुईला टेकवायची न्हाई. बस, एवढं ध्यानात ठेवा, बाकीचं मी रोज सांगते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तेवीस घरांचा ग्रुप झाला. रोज सकाळी सातला बाईंचा व्हॉइस मेसेज यायचा. तोटी उघडायच्या आधी आणि नंतर साबणानं हात धुवा. तोटी भांड्याला लागू देऊ नका. नळी पिशवीपासून सोडवू नका. रोज साबणपाण्यानं जागा स्वच्छ करा, पावडर लावू नका. नळीला पीळ पडू देऊ नका. थंडी, ताप, वास, गढूळपणा यांतलं काहीही दिसलं तर लगेच फोन करा. कधी छोटा व्हिडिओही असायचा, त्यात फक्त त्यांचे हात दिसायचे. सकाळ-संध्याकाळ आपण पिशवीचा फोटो आणि मोजमाप पाठवायचं. बाई अंगठा पाठवायच्या.

हे सगळं उत्तम होतं, आणि तिथूनच माझा त्रास सुरू झाला.

दादांना ऐकू कमी येतं. मी फोन त्यांच्या कानाशी धरायचो. बाईंचा आवाज यायचा, "रामराम बाबा. उठलात का? तांब्या भरलेला हाय का? दोन गिलास पाणी पेऊन घ्या बरं."

"पेतो, पेतो," दादा फोनला सांगायचे, आणि खरंच प्यायचे.

"दादा, त्या तुमच्याशी बोलत नाहीत. ते रेकॉर्ड केलेलं आहे. तेवीस घरांना जातं."

"जाईना. इचारलं तर उत्तर द्याया नको?"

पाणी प्या, हे मी आखाडापासून सांगत होतो. संस्कृत सुभाषितासकट सांगितलं होतं. तेव्हा दादा म्हणायचे, पोट का माठ हाय. आता दुपारी मी तांब्या पुढे केला की विचारायचे, "बाईनं सांगितलं का?" हो म्हटलं तर घ्यायचे. मी एकदोनदा बाईंच्या नावावर माझाच सल्ला खपवला. तो चालला, याचं मला जास्त वाईट वाटलं. बाहेर कुणी भेटायला आलं की दादा सुरू व्हायचे, बाई म्हणल्या असं, बाई म्हणल्या तसं. चौसष्ट वर्षांत "पोरगं म्हणलं" असं वाक्य या घरात उच्चारलं गेलेलं मला आठवत नाही. मला ते मास्तर म्हणतात, नोकरी लागली त्या दिवसापासून. तो अभिमान आहे की टोमणा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

माझी चिडचिड बायकोच्या लक्षात आली. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "काहून जळता हो? ती बाई तुमच्या बापाला पाणी पाजून राहिली. तुमचं काय नेऊन राहिली?"

"मी जळत नाही."

"मंग फोन आपटला कशाला?"

षड्रिपू शिकवताना मत्सर मी नेहमी शेवटी सांगायचो. क्रम चुकीचा होता.

दुसरं दुखणं ग्रुपमध्येच होतं. फाट्याच्या पलीकडच्या एका गावात मेंढरं राखणारा एक माणूस होता. त्याच्या आईला पाठीच्या दुखण्यामुळे नळी होती. तो कधी लिहायचा नाही, फक्त फोटो टाकायचा. एक दिवस त्याचा फोटो आला. बाजेच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा, आणि शेजारी जमिनीत रोवलेली बाभळीची बुटकी बेचकी. बेचकीत पिशवी. जमिनीपासून वीतभर वर, बाजेपासून हातभर खाली. बाईंनी खास व्हॉइस मेसेज केला, "ह्याला म्हणतात डोकं! सगळ्यांनी बघा. असंच करा." चौदा जणांनी अंगठे दिले.

त्याच्या आदल्या दिवशी मी फोटो टाकला होता. नवी नायलॉनची दोरी, नीटनेटकी गाठ, आणि खाली निर्जंतुकतेचं महत्त्व सांगणारा पाच ओळींचा मजकूर. मला बाईंचा एक अंगठा आला होता. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पुष्कळ वेळ बघितले. त्याची बेचकी तिरकी होती. हे मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "लेकरावानी करून राहिलात."

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला सोनं द्यायला सगळं गाव घरोघर फिरतं, आणि दादा आता गावातले सगळ्यांत म्हातारे. मी त्यांना धुतलेलं धोतर नेसवलं, पागोटं बांधलं. पिशवी मांडीशी, वर सगळ्यांत भारी शाल, जरीकाठाची. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माणसं येत राहिली. आपट्याच्या पानांचा ढीग झाला. पिशवी कमरेखाली पाहिजे, हे मला पाठ होतं. पण नियम रोजच्या दिवसाला असतो, सणाचं वेगळं, अशी माझी समजूत होती. सकाळ-संध्याकाळचे फोटो मी चोख काढले. दोन्ही वेळा पिशवी दोरीला, जागच्या जागी.

दुसऱ्या रात्रीपासून पुन्हा थंडी, पुन्हा ताप. या वेळी दादांनी मला पाटीलही म्हटलं नाही, ते काहीच बोलले नाहीत. दवाखान्यात नऊ दिवस गेले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "या वयात प्रत्येक वेळी औषध लागू पडेलच असं नाही. पुन्हा एकदा झालं, तर मी शब्द देऊ शकत नाही."

बाईंचा फोन आला. "गुरुजी, काही वेगळं झालं का त्या दिवशी? आठवून सांगा."

मला वाटलं, मेंढरंवाल्याला या असं विचारत नाहीत. मी उत्तर लिहून पाठवलं, "सर्व सूचनांचे काटेकोर पालन करण्यात आलेले आहे." कर्मणी प्रयोगात माणसाला पुष्कळ लपता येतं.

दिवाळीच्या आधी नळी बदलायचा दिवस होता. दवाखान्याच्या बाकावर आम्ही नंबर लागायची वाट बघत होतो. शेजारी एक काटकुळा माणूस घोंगडीवर आपल्या म्हातारीला बसवून तिच्या नळीची गुंडाळी सरळ करत होता. ग्रुपवरच्या फोटोंतली ती पिशवी मी लगेच ओळखली, हा तो मेंढरंवाला.

"तुमीच का ते गुरुजी?" तो म्हणाला. "लांब लांब लिवणारे?"

"हो."

"म्या वाचीत न्हाई. पोरगी वाचून दावती. झोप चांगली लागती मायीला."

ही स्तुती होती की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. मी विषय बदलला. दिवाळीला माणसं येतील, आमच्याकडे फार येतात, दगदग होते, असं काहीतरी बोललो. मग सहज विचारलं, "पाहुणे आले की तुम्ही पिशवीचं काय करता?"

"म्हंजी?"

"म्हणजे... पाया पडायला येतात तेव्हा. झाकता कशानं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "झाकायची कशापायी? लटकती ऱ्हाती तिथंच. मायीचं मूत हाय गुरुजी, चोरीचा माल थोडाच हाय." आणि मग म्हातारीला ऐकू जाईल अशा आवाजात, "हाय का न्हाई गं?"

"मेल्या, हळू बोल," म्हातारी म्हणाली.

मला बाकावर बसल्या बसल्या पोळा आठवला, दसरा आठवला. मग कुंकवाचं लाल पाणी आठवलं, आणि त्यानंतर वाजवलेल्या टाळ्याही. दादा माझ्या खांद्याला टेकून डुलक्या घेत होते.

त्या दिवशी नळी दुसऱ्या सिस्टरनं बदलली. बाई गावभेटीला गेल्या होत्या. घरी आल्यावर मी त्यांना मेसेज लिहायला घेतला. आधी पंधरा ओळी झाल्या, त्यात परंपरा होती, लोकाचार होता, माझा हेतू कसा शुद्ध होता तेही होतं. ते सगळं पुसलं. मग चार ओळी लिहिल्या आणि त्याही पुसल्या. शेवटी फोन केला.

"दसऱ्याला किती वेळ ठेवली होती वर?" बाईंनी विचारलं.

"सकाळपासून दिवेलागणीपर्यंत."

"आन् पोळ्याला?"

"तेव्हा तुमचा ग्रुप सुरू झाला नव्हता."

"मी काय इचारलं गुरुजी, अन् तुमी काय सांगून राहिलात?"

"पोळ्यालाही ठेवली होती."

मी रागाची वाट बघत होतो, पण त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. दसऱ्यापासून डोकं फोडून राहिले होते मी. गुरुजींच्या घरी सगळं बराबर, फोटो बराबर, हात धुणं बराबर, मंग ताप येतो कुठून? त्याच्यानंच आला असं छातीठोक न्हाई सांगत. पण आता पिशवी वर जायची न्हाई. राष्ट्रपती आले तरी न्हाई."

"नाही जाणार."

"आन् हे मी ग्रुपवर सांगू का? तुमचं नाव न घेता. आणखी चार घरी असंच चालू असंल."

हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मेसेज आला, "एका जाणत्या माणसाच्या घरी..." अशी सुरुवात होती. मी फोन दादांच्या कानाशी धरून उभा होतो. पूर्ण ऐकून दादा म्हणाले, "आपलंच सांगून राहिली."

"दादा, पिशवी वर ठेवायची नसते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. बाई रोजच सांगतात की."

"मग मला बोलला का नाहीत?"

"म्या म्हणलं होतं एकबार, ऱ्हाऊ दे लटकलेली. तू म्हणला बरं दिसत न्हाई." दादांनी तांब्या उचलला. "मंग न्हाई दिसत असंल. तू मास्तर. तुला कोण सांगणार?"

ते पाणी प्यायला लागले. दुसऱ्या कुणाचं ऐकणं बाजूला ठेवून दादांनी माझं ऐकलं, अशी आमच्या आयुष्यात ही एकच वेळ. दोन महिने मी ज्याच्यासाठी जळत होतो ते माझ्याजवळच होतं, आणि त्यानं त्यांना नऊ दिवस दवाखान्यात झोपवलं होतं.

दुपारी मी आठ विटा आणल्या. बांधावरून बाभळीची बेचकी तोडून आणली आणि तासून रोवली. माझीही तिरकीच झाली. फोटो ग्रुपवर टाकला, खाली काही लिहिलं नाही. पहिला अंगठा मेंढरंवाल्याचा आला.

पाडव्याला माजी सरपंच चार माणसं घेऊन आले. पांढरे कपडे, मागे फोटो काढणारा. मी सवयीनं उठलो, पण हात खाली ठेवले. सरपंच वाकले आणि अर्ध्यातच थबकले. पिशवी त्यांच्या नाकासमोर होती, आणि दादांनी सकाळपासून पुष्कळ पाणी प्यायलं होतं.

"तिकून पड पाया," दादा म्हणाले. "इकून बेचकी हलती. बाई म्हणल्या, खाली ऱ्हायली पाहिजे, भुईला टेकली न्हाई पाहिजे. वर ठिवली की उलटं जातंय. बस, सांगतो."

सरपंच बसले. दादांनी त्यांना सगळं सांगितलं, साबणापासून पावडरपर्यंत. फोटो काढणाऱ्यानं फोटो काढला नाही. शेवटी दादांनी काठीनं बेचकी दाखवली.

"ही डोक्यालिटी आमच्या मास्तराची."

ती माझी नव्हती. दुरुस्ती करायला तोंड उघडलं होतं, पण बायकोनं तेवढ्यात फराळाची ताटली माझ्या हातात दिली, आणि मी ती सरपंचांपुढे धरली. दुरुस्ती राहून गेली ती गेलीच.

पुढचे दोन दिवस मी तासातासाला दादांच्या कपाळाला हात लावत होतो. दुसऱ्या दिवशी ते वैतागून म्हणाले, "ताप न्हाई मला, मास्तर. झोपू दे."

तिसऱ्या दिवशी सकाळी हात धुतले, तोटी उघडली, पिशवी रिकामी केली, हात धुतले. साडेसहाशे मिली, रंग फिकट पिवळा, वास नाही. बाईंना कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला. तो तेवीसही घरांना येतो.